तीनची पाटी

आमच्या राजाजीनगरच्या घरातलं एकही घड्याळ कधी खरं बोललं नाही. बाहेरच्या खोलीतलं दहा मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलंही दहा, आणि अप्पांच्या मनगटावरचं किती पुढे हे खुद्द अप्पांनाही सांगता आलं नसतं. अप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावहून नोकरीसाठी इथे आले, एका सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली आणि एकदाही मस्टरवर लाल शेरा पडू दिला नाही. त्याचं श्रेय ते घड्याळांना देत. घड्याळं पुढे आहेत हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आई मनातल्या मनात दहा वजा करूनच कुकर लावायची. मीही वजा करायची. आम्ही वजा करतो हे अप्पांनाही ठाऊक असणार. पण कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. मग घड्याळं पुढे करून साधलं काय, हे देवच जाणे.

मी पोहणारी. राज्याची विजेती पाच वेळा, देशाची तीन वेळा. हे आधीच सांगून टाकते, कारण पोहते म्हटलं की लोक म्हणतात, ‘वा, छान व्यायाम होतो’, आणि मला त्यांना तिथल्या तिथे पाण्यात ढकलावंसं वाटतं. माझा प्रकार पंधराशे मीटर फ्रीस्टाइल. पन्नास मीटरच्या तलावात तीस लॅप. बघणाऱ्याला इतका कंटाळवाणा प्रकार दुसरा नसेल. माझी सख्खी मावशी एकदा माझ्या शर्यतीला आली होती, ती मधेच उठून डोसा खाऊन आली आणि परत येऊन म्हणाली, ‘अजून चाललंयच होय?’

या शर्यतीत पोहणाऱ्याला स्वतः मोजता येत नाही. दहाव्या लॅपनंतर डोक्यातले आकडे विरघळतात. भाजीत मीठ घातलं की नाही हे जसं आठवत नाही, तसं होतं. म्हणून पलीकडच्या भिंतीशी एक माणूस पाट्या घेऊन बसतो. तुम्ही वळायच्या आधी तो पाटी पाण्यात धरतो. तिच्यावर किती लॅप उरले त्याचा आकडा असतो. माणूस पलीकडच्या टोकाला, त्यामुळे आकडे एकाआड एक येतात: एकोणतीस, सत्तावीस, पंचवीस, आणि शेवटी पाच, तीन, एक. मी पोहले त्या स्पर्धांत हे काम ज्याच्या त्याच्या माणसाने करायचं असे. माझा माणूस म्हणजे अप्पा.

अप्पांना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातही ते कठडा सोडत नसत. पण बारा वर्षं पहाटे मला स्कूटरवरून तलावावर नेलं ते त्यांनी. पाट्याही त्यांनीच करून घेतल्या, आमच्या गल्लीतल्या पेंटरकडून, काळ्यावर पांढरे आकडे. शर्यतीच्या दिवशी ते पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, काठावर गोणपाट अंथरायचे आणि त्यावर पालथे पडून हात पाण्यात सोडायचे. तीस लॅपभर तसेच. शर्यत संपली की ओल्या शर्टानिशी काठाकाठाने चालत माझ्याकडे यायचे आणि दरवेळी तेच विचारायचे, “उरलं काय गं काही?” अंगात ताकद उरली का, असा अर्थ. मी म्हणायची, “काही नाही.” मग ते खूश. सोन्याचं पदक मिळालं की नाही ते नंतर.

सोळाव्या वर्षी मला कळलं की अप्पा पाट्या खोट्या दाखवतात.

आमच्या सरांचं गणित साधं होतं. पाचची पाटी दिसली की जोर लावायचा. शेवटचे अडीचशे मीटर, अंगात असेल-नसेल ते सगळं. अप्पांना एवढा उशीर धोक्याचा वाटत असावा. ते मधेच कुठेतरी, तेरा-अकराच्या आसपास, एक पाटी गाळायचे. म्हणजे मला पाच दिसे तेव्हा खरे सात उरलेले असत. मी शंभर मीटर आधीच जोर लावावा, हा हेतू. मग गाळलेली पाटी भरून काढायला शेवटी तीनची पाटी दोनदा दाखवायचे. त्या गडबडीत कोण मोजतंय, असं त्यांना वाटत असे. मी मोजलं. एका सरावाच्या शर्यतीत तीन दिसले, जाऊन आले तर पुन्हा तीन. गॉगलमधून मी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

यावर मी काय करावं? बाहेर येऊन विचारायला हवं होतं. पण मी त्याच घरात वाढलेली. मी वजा केलं. पाचची पाटी आली की ती सात समजायची, आणि खरा जोर पहिल्या तीनला लावायचा. पुढची आठ वर्षं मी अशीच पोहले, तिन्ही राष्ट्रीय सुवर्णपदकं अशीच जिंकली. अप्पांना वाटे मी त्यांच्या पाटीवर चालते, सरांना वाटे त्यांच्या गणितावर. मला माझ्या हुशारीचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

हल्ली मी बेळ्ळंदूरच्या एका सोसायटीत मुलांना शिकवते. परवा पुण्याहून आलेले एक वडील काठावर येऊन हळूच म्हणाले, “मॅम, त्याला सांगा ना दोनच लॅप राहिलेत. ही विल पुश. चार सांगितले की तो गिव्ह अप करतो.” मी त्या सभ्य गृहस्थांवर अशी काही ओरडले की पलीकडच्या बाकावरच्या बायका फोनमधून माना वर करून बघायला लागल्या. ते बिचारे सॉरी सॉरी म्हणत मागे सरकले. त्यांना काय ठाऊक मी कुणावर ओरडत होते ते.

चोविसावं वर्ष संपत आलं तेव्हा परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी देशाचा संघ निवडायचा होता. आमच्या प्रकारात जागा एकच. निवड चाचणी आमच्याच शहरात, एकच शर्यत, पहिली येईल ती जाणार. दावेदार दोघी: मी, आणि एकोणीस वर्षांची एक उंच मुलगी, जिचे हात माझ्यापेक्षा वीतभर तरी लांब असतील. माझा उजवा खांदा तेव्हा दोन वर्षं दुखत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे वर्ष काढ, पुढचं मी सांगू शकत नाही. अशी निवड पुन्हा चार वर्षांनी. म्हणजे माझ्यासाठी ही पहिली आणि शेवटची. देशाच्या नावाची टोपी घालून एकदा पाण्यात उतरायचं, यापलीकडे मला दुसरं काही नको होतं. लग्नाचं विचारणाऱ्यांना आई तेव्हा सांगायची, “ती टोपी मिळू दे, मग बघू.”

त्या सकाळी काय झालं ते मला नंतर कळलं. मुख्य पंचांनी सगळ्या पाटीवाल्यांना एकत्र बोलावून दम भरला होता. प्रत्येकाच्या मागे एक पंच कागद घेऊन उभा राहणार, पाटी चुकली तर जबाबदारी तुमची, मुलीचं नुकसान झालं तर आमच्याकडे यायचं नाही. अप्पा जन्मभर सरकारी कागदाला देव मानत आलेले. त्यांना घाम फुटला असणार. त्यांनी तिथेच ठरवलं, आज एकही पाटी गाळायची नाही.

मग ते मला शोधत आले. मी आत बाकावर बसले होते, दोन टोप्या चढवून, खांद्याला पट्टी. शर्यतीआधीच्या त्या अर्ध्या तासात माझ्याशी कुणी बोलू नये, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. अप्पा समोर उभे राहिले. माझ्या अंगावरचा टॉवेल उगाच सारखा केला.

“आज पाट्या नीट बघ हं, बाळ.”

“म्हणजे एरवी काय डोळे मिटून पोहते होय मी?”

“तसं नव्हे गं. आज काय झालंय...”

“अप्पा, जावा तुम्ही आता. डोकं नका खाऊ.”

त्यांना पुढचं वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलायचं तर आधीची बारा वर्षं बोलायला लागली असती. “सरी, सरी,” असं बरं-बरंच्या सुरात कन्नडमध्ये म्हणून ते वळले. त्यांच्या शर्टाची कॉलर मागून एका बाजूला वर आली होती, ती नीट करायला हाक मारावी असं मला वाटलं, आणि मी मारली नाही.

शर्यत सुरू झाली. पहिले वीस लॅप आम्ही दोघी जवळपास बरोबर होतो. मी डाव्या बाजूला श्वास घेतला की तिचा खांदा दिसे, तिला बहुतेक माझा. खांद्यात कळ येत होती पण नेहमीची, ओळखीची. बाकीच्या मुली मागे पडल्या होत्या. अकराची पाटी आली, नऊची, सातची. अप्पांचा हात पाण्यात अजिबात हलत नव्हता. मी मनात म्हटलं, सात म्हणजे नऊ. अजून बराच वेळ आहे.

पाचची पाटी आली.

त्याच वळणावर त्या मुलीने भिंतीला अशी लाथ मारली की मला तिच्या पायांचा फेस तेवढा दिसला. ती सुटली. माझ्या अंगातलं सगळं तिच्या मागे धावायला उठलं आणि मी त्याला दाबून बसवलं. पाच म्हणजे सात. पोरगी घाबरली, लवकर सुटली, साडेतीनशे मीटर हा वेग कुणाला झेपणार? जाऊ दे. दमेल. मी मोठ्या बाईच्या समजुतीने तिची कीव केली. तिचं अर्ध्या शरीराचं अंतर एका शरीराचं झालं, मग दीड. दम धर, मी स्वतःला सांगत होते, पहिल्या तीनला निघायचं. माझा श्वास शांत होता. इतका शांत की त्याचा मला आनंद होत होता.

तीन दिसले. मी निघाले. मापात, अडीचशे मीटर पुरेल अशा बेताने. सुरुवातीच्या भिंतीकडे येत होते, माझ्या हिशेबाने अजून चार लॅप बाकी होते, आणि घंटा वाजली.

शर्यतीत जी पुढे असते तिचे दोन लॅप उरले की काठावर घंटा वाजवतात. दोन टोप्यांच्या आतूनही ती ऐकू येते. क्षणभर मला वाटलं पंचांचं चुकलं. पण पंच कशाला चुकतील? त्यांच्या घरी घड्याळं पुढे नव्हती. मी वळले आणि वळतावळताच सगळं कळलं. टॉवेल का सारखा केला ते कळलं. ‘आज काय झालंय’ याच्या पुढे काय होतं ते कळलं.

नंतरचे शंभर मीटर मी कशी पोहले ते मला सांगता येणार नाही. खांदा दुखत होता की नव्हता, आठवत नाही. पलीकडच्या भिंतीशी एकची पाटी होती आणि तिच्या वर अप्पांचा चेहरा, तोंड उघडं, काहीतरी ओरडणारा. वळल्यावर तिचे पाय दिसले. मग कंबर. मग खांदा. भिंतीच्या जरा अलीकडे पाण्यावर टांगलेली झेंड्यांची दोरी डोक्यावरून गेली तेव्हा आम्ही बरोबर होतो असं मला आजही वाटतं. भिंतीला हात लावला तो तिने आधी लावला. फलकावर दुसरा आकडा माझा होता. फरक बोटाच्या पेराएवढा.

ती मुलगी लेनच्या दोरीवर पालथी पडून धापा टाकत होती, तिला दोघांनी धरून वर काढलं. मी शिडीने चढून बाहेर आले. सरळ. पाय थरथरत नव्हते, श्वास चारदोन मिनिटांत खाली आला. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि स्टॉपवॉच खिशात टाकलं. हरल्याची लाज वेगळी. अंगात ताकद ठेवून हरल्याची लाज कुणाला दाखवताही येत नाही. मला किंचाळावंसं वाटत होतं.

अप्पा काठाकाठाने आले. कोपरं सोललेली, शर्ट ओला. बारा वर्षांची सवय, तोंडातून तेच निघालं, “उरलं काय गं काही?”

“शंभर मीटर,” मी म्हणाले. “शंभर मीटर उरलेत, अप्पा. घेऊन जावा घरी.”

त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. वजाबाकी त्यांनाही येत होती. ते तिथेच बाकावर बसले, पाट्या मांडीवर घेऊन, आणि त्यांनी वरची पाटी उगाच शर्टाने पुसली.

घरी येईपर्यंत ऑटोवाला अप्पांना कन्नडमध्ये ट्रॅफिकबद्दल सांगत राहिला आणि अप्पा “हौदू, हौदू” म्हणत राहिले. आईने भात वाढला, मी ताट सरकवून खोलीत जाऊन पडले. दुपारी केव्हातरी स्टूल ओढल्याचा आवाज आला.

“अहो, पडाल की! काय करालाय वर चढून?” आई म्हणाली.

“बरोबर लावालोय.”

मी बाहेर आले. अप्पा स्टुलावर उभे राहून भिंतीवरचं घड्याळ मागे करत होते. माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारलं, “कधीपासून ठाऊक होतं तुला?”

“सोळाव्या वर्षापासून.”

“आठ वर्षं? आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही सकाळी बोललात?”

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. अप्पा स्टुलावरून उतरले आणि घड्याळ लावायला स्वयंपाकघरात गेले. खरं तर ते तिथे रडत होते. मला ते कळत होतं आणि मी गेले नाही. माझा राग माझ्यापेक्षा मोठा होता.

महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी मला सांगितलं नाही, याचा राग. मी ऐकून घेतलं नाही, याचा त्याहून मोठा, आणि तोही मी त्यांच्यावरच काढत होते. घरात वेगळाच गोंधळ चालला होता. घड्याळं खरी झाली तरी आमचं वजा करणं थांबेना. आईचा डबा रोज दहा मिनिटं उशिरा होऊ लागला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी सरावाला उशिरा पोचले, आणि सरांनी मला सगळ्या लहान पोरांसमोर काठावर उभं केलं. ती उंच मुलगी परदेशी गेली. मी तिची शर्यत फोनवर बघितली. ती छान पोहली, हे कबूल करते. तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे मात्र मला फार वेळ बघवलं नाही.

त्यानंतर एकच राष्ट्रीय स्पर्धा माझ्या खांद्यात शिल्लक होती. निघायच्या आठवडाभर आधी मी पाट्यांची पिशवी माळ्यावरून काढली आणि अप्पांसमोर ठेवली.

“दुसरं कोण तरी बघ,” ते म्हणाले. “माझे हात कापतात आता.”

“कापू देत. दुसरं कुणी नको मला. फक्त जे असेल ते दाखवा.”

“आणि तू?”

“दिसेल ते धरीन.”

त्यांनी पिशवीचा बंद सोडून पाट्या एकेक करून बघितल्या. मग म्हणाले, “एक पाटी रंगवून घ्यायला पाहिजे. तीनची. लई झिजली आहे.”

त्या शर्यतीत पाचची पाटी आली तेव्हा मी वजा केलं नाही. सवय इतकी जुनी की मन आपोआप सात म्हणालं. मी त्याला गप्प केलं आणि निघाले. खांद्याने दुसऱ्याच लॅपला हार मानली. दोघी माझ्या पुढे गेल्या, मला दिसत होत्या, आणि माझ्यापाशी त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. तीन एकदाच आले. मग एक. मी तिसरी आले.

शिडीला हात घातला तर बोटं मिटेनात. एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा उचलेना. पाण्यात तशीच लोंबकळत राहिले. अप्पा धावत आले होते, ते कठड्यापाशी गुडघ्यांवर बसले. एकची पाटी अजून हातातच होती, ती त्यांनी खाली टाकली, आणि पाण्याला घाबरणाऱ्या त्या माणसाने कठडा सोडून, पाण्यावर ओणवून दोन्ही हातांनी माझे दंड धरले.

त्यांनी काही विचारलं नाही. मीच म्हणाले, “काही उरलं नाही, अप्पा.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “बघितलं मी.”